पडवीत उभे सातजण

"हा पोरगा जागा आहे ना?" सेरिनाने दारातूनच विचारलं.

पोरगा म्हणजे मी. वय वर्षं सव्वीस, मत्स्यखात्यातला अधिकारी, आणि त्या घटकेला चुलीपाशी ओले पायमोजे वाळवत बसलेला.

"जागा आहे, पण त्याला आपलं बोलणं निम्मंच कळतं," गुनवोर म्हणाल्या. "बोल तू."

निम्मं म्हणजे त्यांनी माझं जरा कौतुकच केलं. मासे खारवायचं आणि बर्फात टिकवायचं काम शिकायला सरकारने मला वर्षभरासाठी नॉर्वेत धाडलं होतं. ओस्लोत तीन महिने भाषा घोटून घेतली आणि मग पश्चिम किनाऱ्यावरच्या या स्कार्व्हॉय बेटावर आणून सोडलं, तर इथली बोली निराळीच. पुस्तकातून मराठी शिकलेल्या परक्याला आमच्या मालवणच्या मासळीबाजारात उभं करावं तशी माझी गत झाली. एक मात्र होतं. त्या लोकांचा हेल असा, की मला त्यांच्या बोलण्यात सारखा आमच्याकडचा 'गो' ऐकू यायचा. म्हणून इथे लिहितानाही मी तो घालतोच आहे.

सेरिना बसली नाही. साठीला आलेली, अंगाने बारीक, डोक्याला लोकरीचा रुमाल. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी मोजलं गुनवोर. उद्या आत सहाच उरतात. सात लागतात."

"मलाही मोजता येतं."

"इंगवाल्ड आत बसला तर सात होतील."

"तो कसा बसेल गो? तो मोन्सचा मुलगा, आणि मोन्स माझा चुलतभाऊ."

सेरिनाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोन्स जाऊन नऊ वर्षं झाली. मी उद्या सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

"काय सांगशील?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"मला वहीत लिहिलेलं तेवढं ठाऊक आहे," गुनवोर म्हणाल्या. त्या बटाटे सोलत होत्या, हात थांबला नाही. "बापाचं नाव मोन्स. माझ्याच हातचं अक्षर आहे."

"घर जाईल तुझं."

"जाईल. बटाटे घेऊन जातेस का थोडे? जास्त झालेत."

सेरिना बटाटे न घेता गेली. मला वाटलं, बाया सातबाऱ्यासारख्या कसल्यातरी उताऱ्यावरून बोलताहेत. मोजे पायात चढवून मी गोदीवर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

घराचा मामला मात्र मला पुरता ठाऊक होता, कारण त्या घरात मीही राहत होतो. स्कार्व्हॉय हे चारशे बारा माणसांचं बेट. मेंढ्या त्याच्या तिप्पट. एक चर्च, एक शाळा, मासे वाळवायची मोठी वखार, आणि एवढ्याशा बेटाला स्वतःची स्वतंत्र नगरपालिका. नगर कुठे दिसेना, म्हणून मी मनातल्या मनात तिला ग्रामपंचायत म्हणायचो आणि तिच्या प्रमुखाला सरपंच. हा सरपंच सिवर्ट म्हणजे गुनवोरचा थोरला भाऊ. पहाटे होडी, दुपारी मेंढ्या, संध्याकाळी कारभार. पंचायतीचं सगळं दप्तर त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, साखरेच्या डब्याखालच्या फळीवर.

त्या बेटावर सगळ्यांना एकेरी हाक मारायची रीत. सरपंचालाही. मीही ती उचलली, पण गुनवोरच्या बाबतीत माझी जीभ काही वळली नाही. त्या बेटाच्या सुईण होत्या. शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या. वय बासष्ट, लग्न केलेलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी त्या बेटावरची सगळी बाळंतपणं केली आणि एकही बाळंतीण दगावली नाही. वाऱ्यापावसात होडीने, बर्फात पायी, कधी कुणाच्या पाठुंगळीला बसूनही त्या गेल्या होत्या. अशा बाईला 'ए गुनवोर' म्हणायला मला शेवटपर्यंत जमलं नाही.

त्या राहायच्या ते गोदीजवळचं पिवळं लाकडी घर पंचायतीचं. १९१९ साली एका बाईला बाळंतपणासाठी होडीतून पलीकडच्या किनाऱ्याला नेत होते. वादळात होडी अडकली आणि ती बाई पाण्यावरच गेली. त्यानंतर दोन उन्हाळे साऱ्या बेटाने खपून हे घर उभं केलं आणि त्यात सुईण आणून बसवली. खाली दोन खोल्या तिच्या, वर एक खोली लांबच्या वाडीतून येणाऱ्या बाळंतिणींसाठी. सध्या त्या वरच्या खोलीत मी पडलेला असायचो, आणि सिवर्ट मला रोज विचारायचा, "काय, कितवा महिना?"

तर त्या वर्षी सरकारने ठरवलं होतं की देशभरच्या छोट्या छोट्या पंचायती मोडून मोठ्यांत मिसळायच्या. एक जानेवारी १९६४ ला स्कार्व्हॉयची पंचायत पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या पालिकेत जाणार होती. बेटावरच्या लोकांनी ते दुःख वर्षभर पचवत आणलं होतं. पण नाताळच्या चार दिवस आधी पलीकडून पत्र आलं, की यापुढे सुईण पलीकडेच बसेल, आणि बेटावरचं सुईणीचं घर विकायला काढण्यात येईल. पत्र सभ्य होतं. गुनवोरना जायला कुठे जागा आहे का हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. सिवर्टचं घर म्हणजे त्याची सून, पाच नातवंडं आणि एक पलंग कमी.

एल्लिंग मास्तराने त्यावर तोड काढली. तो शाळेचा मास्तर आणि उपसरपंच, वीस वर्षांपूर्वी आतल्या डोंगराळ भागातून आलेला. तो म्हणाला, वर्ष संपायच्या आत आपल्या पंचायतीने गुनवोरला घर हयातभर राहायला देण्याचा करार केला, तर नव्या पालिकेला तो पाळावाच लागेल. एक सभा, एक ठराव. सगळ्यांना ते पटलं. मग सिवर्टने हळूच विचारलं, "आणि मत कोण देणार?"

इथे त्यांची एक रीत सांगायला हवी. पूर्वी हे बेट पलीकडच्याच पालिकेत होतं. सभेच्या दिवशी समुद्र खवळला की बेटाची माणसं पोचत नसत, आणि ती पोचली नाहीत की पलीकडचे लोक बेटाचे विषय नेमके पहिले घेत. म्हणून १८९२ साली भांडून यांनी आपली पंचायत वेगळी करून घेतली. अकरा वर्षं बरी गेली. मग गोदी कुठे बांधायची यावर मतदान झालं आणि गोदी सरपंचाच्या मेव्हण्याच्या दाराशी आली. त्यावरून बेट असं फाटलं की पंधरा वर्षं अर्धे लोक चर्चमध्ये डावीकडे आणि अर्धे उजवीकडे बसत. त्या फाटाफुटीला कंटाळून शेवटी त्यांनी आपल्यापुरता नियम केला, की ज्याचा विषय त्याचा नातेवाईक सभेत बसणार नाही. उठून पडवीत जाऊन उभा राहील. देशाचा कायदा सख्ख्या भावापाशी थांबतो. हे चुलतभावाच्या मुलांपर्यंत गेले.

चारशे माणसांच्या बेटावर असा नियम म्हणजे स्वतःच्या पायात स्वतः घातलेली बेडीच. कितीदा तरी निम्मी सभा पडवीत आणि निम्मी आत. पण तो त्यांनी कधी मोडला नाही. जर्मन सैन्य आलं आणि निवडून आलेली पंचायत बरखास्त झाली, तेव्हा सिवर्टने सभेच्या वह्या खारवलेल्या हेरिंग माशांच्या पिंपात लपवून ठेवल्या. दोन वह्यांना अजून वास यायचा. त्यांतली एक मी नाक धरून चाळली होती. पानापानांवर तेच, अमुक अमुक बाहेर गेले, अमुक अमुक आत आले. आमच्याकडे आपला माणूस आत असावा म्हणून लोक देवाला नारळ ठेवतात, आणि इथे आपला म्हणून लोक बाहेर जात होते. मला सुरुवातीला हसू यायचं. मग येईनासं झालं.

शनिवार, २८ डिसेंबर १९६३. सभा सकाळी अकराला, शाळेच्या एकुलत्या एका वर्गात. तेरा सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. भिंतीकडेने पन्नासेक माणसं. मी मागे गुनवोरच्या मदतीला, कॉफीची किटली आणि कप घेऊन. त्यांनी आदल्या दिवशी सभेसाठी दोन मोठे केक भाजले होते. स्वतःच्या घराचा निकाल लागणार त्या सभेसाठी स्वतःच केक भाजणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पहिले दोन विषय दहा मिनिटांत आटोपले. मग सिवर्टने चष्मा नाकावर सरकवून वाचलं, "विषय तिसरा. सुईणीचं घर गुनवोरला हयातभर राहायला देण्याचा करार." त्याने चष्मा काढला, हातातली लाकडी हातोडी मास्तरापुढे ठेवली आणि उठून बाहेर गेला. त्याच्यामागून एकेक बाक कुरकुरायला लागला. एक चुलतभाऊ, दुसरा चुलतभाऊ, दोघे भाचे, एका मामेबहिणीचा मुलगा. सगळ्यात शेवटी इंगवाल्ड उठला. सेरिनाचा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा, सहा फूट उंच, दाराखालून वाकून जाणारा. जाताना त्याने टोपी काढून हातात घेतली.

पडवीत सातजण उभे राहिले. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं आणि पडवीला एकच भिंत. खिडकीतून ते सगळे दिसत होते, हात काखेत घालून, रांगेने.

मास्तराने आत उरलेली डोकी मोजली. सहा. सभा चालायला सात हवेत. बदली सभासद होते, पण त्यांतलेही निम्मे नात्यातले, आणि बिननात्याचे तिघे होते त्यांतला एक शहरात इस्पितळात आणि दोघे खोल समुद्रात, जानेवारीच्या मध्याशिवाय न येणारे.

मास्तर उठला आणि त्याने खिडकी उघडली. "सिवर्ट, कायद्याने फक्त तू बाहेर हवास. बाकीच्या सहांना कायदा काही म्हणत नाही."

"कायदा ओस्लोत केलाय," सिवर्ट बाहेरून म्हणाला. "ओस्लोत चुलतभावाच्या मुलाला कोण ओळखतं?"

भिंतीकडचे लोक हसले. मास्तर हसला नाही.

"मग नियमच बदलू या. आता, इथेच. उद्यापरवा पंचायतच राहणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

"बदला की. पण तो घरासाठीच बदलणार ना? मग त्या मतालाही आम्ही बाहेरच."

"अरे, ती तुझी बहीण आहे."

"म्हणून तर पावसात उभा आहे," सिवर्ट म्हणाला.

मास्तराने मग इंगवाल्डला हाक मारली. "तू तरी ये. तुझं नातं तर लांबचं. आमच्या गावाकडे तर याला कुणी नातंही म्हणणार नाही."

"लांबचं कसं?" इंगवाल्ड म्हणाला. "माझी आत्या आहे ती. लहानपणी निम्मा वेळ तिच्याच घरात असायचो मी. तिला घर मिळावं असं या सातांत सगळ्यांत जास्त मला वाटत असेल. तेवढ्यासाठीच मी बाहेर आहे मास्तर."

मास्तराने खिडकी तशीच उघडी ठेवली. त्याला त्या दिवशी घाम आला होता. कपाळ पुसून तो आमच्याकडे वळला.

"गुनवोर, या बेटावरची नाती तुला पाद्र्यापेक्षा जास्त माहीत. जन्माच्या वह्या तुझ्याकडे. मी तुला सभेतर्फे विचारतो. बाहेर सात आहेत. त्यातला एखादा चुकून बाहेर गेला आहे का? नीट आठव. एक जरी असला, तर तो आत येईल आणि घर तुझं होईल."

भिंतीकडच्या बाकावरून सेरिना उठली. तिचं तोंड उघडलं होतं. तिचे ओठ मला आजही दिसतात, पांढरे पडलेले आणि पहिला शब्द शोधणारे. गुनवोरनी दोन पावलं टाकून भरलेला कप तिच्या हातात दिला.

"धर गो. दोन्ही हातांनी धर, सांडेल."

आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, तिला खाली बसवत, त्या मास्तराला म्हणाल्या, "नाही. सगळे बरोबर गेलेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या दिवशीचं निम्मं कळलेलं बोलणं आता सगळं कळलं. इंगवाल्ड मोन्सचा नव्हता. तो गुनवोरचा कुणीच लागत नव्हता. आत येऊन बसायचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि हे त्या खोलीत तिघांनाच ठाऊक होतं, सेरिनाला, गुनवोरना आणि मला. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी तिथे कुणाचा नातेवाईक नव्हतो, माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. घर वाचलं असतं. आणि पडवीत टोपी हातात धरून उभा असलेला तो माणूस, बेटभरच्या माणसांदेखत, बापाशिवाय आत आला असता.

मी गप्प बसलो. त्यात मी फार थोर काही केलं असं नाही. बोलायची छातीच झाली नाही, हेही तितकंच खरं.

मास्तराने वहीत लिहिलं, पुरेसे सभासद नसल्याने विषय तीनवर निर्णय नाही. मग त्याने बाहेरच्यांना आत बोलावलं. ते भिजून आले, पाय आपटत, कुणाकडे न बघता. सिवर्टने हातोडी उचलली, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तर मग झालं आपलं." एकाहत्तर वर्षांची पंचायत एवढ्या शब्दांत संपली. त्यानंतर सगळ्यांनी केक खाल्ला. खावाच लागला, कारण गुनवोर ताटली घेऊन प्रत्येकासमोर उभ्या राहत होत्या.

परत येताना मी किटली घेतली होती आणि त्या रिकाम्या ताटल्या. वाटेत मला राहवलं नाही.

"तुम्ही खोटं बोललात."

त्या थांबल्या नाहीत. "निम्मं कळतं म्हणालास ना रे?"

"तुम्ही म्हणाला होतात."

"चुकलंच माझं."

थोडं चालल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "वाईट वाटतंय. का नाही वाटणार? चौतीस वर्षं राहिले. पण त्या घरात बायका माझ्या भरवशावर आल्या. तेच घर राखायला त्यातल्या एकीला उघडी पाडू? मग घर राखून करू काय?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू हे कुणाला सांगितलंस तर तुझ्या आईला पत्र लिहीन."

आईला नॉर्वेजियन येत नव्हतं आणि गुनवोरना मालवणी. तरी मी घाबरलो.

नव्या पालिकेने मार्चमध्ये घर विकलं. शहरातल्या एका कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी घेतलं, माणसं भली होती. गुनवोरनी सामान बांधायला घेतलं तेव्हा सिवर्ट, इंगवाल्ड आणि ते पडवीतले बाकीचे पाच असे सगळे एका सकाळी दारात आले. इंगवाल्डने आपल्या बटाट्याच्या शेताला लागून जागा काढली होती. सिवर्टकडे लाकूड होतं, बाकीच्यांकडे हात. पंचायत आता नव्हती, ठराव नव्हता, मत नव्हतं, त्यामुळे नात्यातल्या माणसांना कुणी बाहेर जा म्हणणार नव्हतं. मास्तर आणि आतले बाकीचे पाचही मागाहून आलेच. बेटाची ती जुनीच सवय, एकाचं घर असलं की सगळ्यांनी खपायचं.

मे महिन्यात एकोणीस दिवसांत घर उभं राहिलं. मी दगड वाहिले आणि एकदा स्वतःच्याच बोटावर हातोडा मारून घेतला. सेरिना रोज दुपारी सगळ्यांचं जेवण आणायची. ती गुनवोरशी फारसं बोलायची नाही, पण त्यांच्या ताटलीत मासा नेहमी मोठा पडायचा. गुनवोरनी इंगवाल्डला एकदा विचारलं, "एवढी चांगली जमीन देतोस, बायकोला विचारलंस का?" तो म्हणाला, "त्यात काय विचारायचं? बापाची बहीण रस्त्यावर राहते का कधी?" मी दगड खाली ठेवला आणि समुद्राकडे बघत उभा राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. जूनमध्ये मी परत आलो.

नंतर १९८५ साली खात्याच्या कामाने पुन्हा नॉर्वेला जाणं झालं. दोन दिवस चोरून मी स्कार्व्हॉयला गेलो. आता तिथे पूल झाला आहे. शाळा बंद, माणसं दोनशेच्या आत. पण गाडीतून उतरल्या उतरल्या तिघांनी मला ओळखलं आणि एकाने कितवा महिना म्हणून विचारलं. सिवर्ट गेला होता, सेरिना सत्तर साली, गुनवोर एक्याऐंशीत. इंगवाल्ड मला त्यांच्या घरी घेऊन गेला. त्याची मुलगी आता त्यात राहत होती. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तो पंचावन्नचा झाला होता, तसाच उंच, दाढी पांढरी.

"आईने जाण्याआधी मला सगळं सांगितलं," तो एकदम म्हणाला.

मी त्याच्याकडे वळलो.

"तुला ठाऊक होतं. आत्या म्हणाली होती मला."

"त्या शनिवारपासून," मी म्हटलं.

"कुणाला बोललास?"

"बायकोला."

"बायको चालते," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही थोडं हसलो.

"आई गेल्यावर मी शहरात गेलो," तो सांगू लागला. "आपल्या पंचायतीच्या वह्या आता तिथल्या दप्तरखान्यात ठेवल्यात. आत्याची जन्माची वही मागून घेतली. पहिलंच पान माझं. तिचं बेटावरचं पहिलं बाळंतपण. मोन्स आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात देवमाशांच्या शिकारीला दक्षिणेच्या समुद्रावर गेला, तो मे महिन्यात परत आला. मी डिसेंबरात जन्मलो. आत्याने लिहिलंय, सातव्या महिन्यात जन्म. आणि फार नाजूक आहे म्हणून आईला आणि मला दोन महिने त्या पिवळ्या घराच्या वरच्या खोलीत ठेवून घेतलं. कुणाला वर येऊ दिलं नाही, मोन्सलासुद्धा जिन्यावरूनच दाखवलं. वहीत तीनशे एकोणचाळीस बाळं आहेत. प्रत्येकाचं वजन लिहिलंय, शेवटच्या ग्रॅमपर्यंत. एकट्या माझ्या वजनाची जागा कोरी."

"किती होतं?"

"आई म्हणाली, साडेचार किलो." तो आपल्या पंज्यांकडे बघत होता. "सातव्या महिन्यात साडेचार किलो. बाकी सगळं खोटं तिने माझ्यासाठी लिहिलं, पण ते काही लिहवलं नसेल तिला. सुईण होती ती."

"राग आला तुला?"

"राग कुणाचा येणार? मोन्सने मला होडी शिकवली, घर दिलं, नाव दिलं. राग नाही आला. भीती वाटली. येताना बोटीत सारखं वाटत होतं, की म्हणजे आत्या आता माझी कुणी नाही. बेटावर निम्मी माणसं माझी, आणि आता त्यातलं एकही नाही. गोदीवर उतरलो तो घरी न जाता तडक इथेच आलो. ती आत विणत बसली होती. मी दारातच उभा राहिलो आणि म्हटलं, आत्या, मी वही बघून आलोय."

"मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. सुया चालूच. माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, बूट काढून ये आत, आताच पुसलंय सगळं. मोन्सला सांगून सांगून थकले मी, तोही चिखलाच्या बुटांनी थेट आत यायचा. अगदी बापावर गेलायस."